हलकी रायफल आणि काळानिळा खांदा

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलींवर लेख छापलाय तो मी दोनदा वाचला, एकदा गरम चहाबरोबर आणि एकदा तोच चहा गार झाल्यावर, कारण पहिल्या वेळी माझा विश्वासच बसेना. त्यात लिहिलंय की आधुनिक रायफल जेवढी हलकी तेवढी चांगली, आणि काडतूस कितीही ताकदीचं असू दे, दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाच्या, मागं रबरी पॅड असला की धक्क्याचा प्रश्न मिटला. साहेब, हे वाचून कोण परदेशातला आपला पोरगा रायफल घ्यायला गेला तर खांदा आणि पैसे दोन्ही घालवून बसंल. आमच्या घरात हे घडलंय म्हणून पत्र लिहायला बसलोय, लांबलं तर कात्री लावा पण आकडे तेवढे कापू नका.

माझी ओळख सांगायची तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काढली, आता रिटायर. मूळ गाव राधानगरीकडं, घरात वडलांपासून पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक, जी निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की पावती घेऊन परत आणायची, एवढाच आता तिचा प्रवास. मधली काही वर्षं पॉइंट टूटूनं, म्हणजे .२२ बोअरच्या छोट्या रायफलीनं, रेंजवर नेमबाजी पण केली, मेडल वगैरे काय नाही, पण घोडा कसा दाबायचा एवढं कळलं. शिकारीचं म्हणाल तर आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे आणि ते बरंच झालं, दाजीपूरचं जंगल एके काळी महाराजांचं शिकारीचं राखीव रान होतं आणि १९५८ ला अभयारण्य झालं म्हणून आज तिथं गवे तरी दिसतात. तेव्हा मी जे लिहितोय ते जिथं लायसन काढून, सीझनमधे, कायद्यानं शिकार चालते तिथल्यांसाठी आणि ज्यांना नुसतंच कुतूहल आहे त्यांच्यासाठी.

तर माझा पुतण्या. अमेरिकेत माँटानाला असतो, आता तिथलाच नागरिक, आणि ऑफिसातल्या मित्रांच्या नादानं एल्कच्या शिकारीला जायचं डोक्यात घेतलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं जनावर, मोठा नर तीनशे किलोच्या वर जातो. दुकानदारानं याला डोंगरातली रायफल म्हणून जी गळ्यात मारली ती .३०० विनचेस्टर मॅग्नम या ताकदवान काडतुसाची, रिकामी २.७ किलो, दुर्बीण न् तिचे रिंग धरून ३.३ किलो. व्हिडिओ कॉलवर मला एका हातानं उचलून दाखवतोय, "आण्णा, बगा की, कसली हलकी हाय, काय वजनच न्हाई!" मी म्हटलं हेच तर भ्या वाटायलंय बाबा. पण तो ऐकायच्या मूडमधे नव्हता आणि नवीन वस्तूवर थुंकू नये म्हणून मी पण गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी कॉल आला तर भुवईवर चंद्रकोर. आमच्या हिनं आधी बघितलं, म्हणाली, "आरं, कुठं धडपडलास?" धडपडला नव्हता, रायफल मागं आली आणि दुर्बिणीची कड कपाळात बसली. शर्टाची कॉलर बाजूला करून खांदा दाखवला तर वांग्यागत काळानिळा. वीस काडतुसाचा एक बॉक्स उडवला होता फक्त.

आता हे का झालं ते बघा, आणि इथं थोडं गणित सोसा. गोळी पुढं जाते तशी रायफल मागं येते हे शाळेत न्यूटननं सगळ्यांना शिकवलंय, पण गोळीबरोबर दारूचा गॅस पण पुढं जातो आणि तो गोळीपेक्षा जास्त वेगानं जातो हे बरेच जण हिशोबात धरतच नाहीत. त्या काडतुसात गोळी १८० ग्रेनची म्हणजे साधारण ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ९०० मीटर. दारू साधारण साडेचार ग्रॅम, तिचा गॅस सेकंदाला तेराशे-चौदाशे मीटरनं बाहेर पडतो असं धरा. वजन गुणिले वेग करून दोन्हींची बेरीज केली की साडेसोळाच्या आसपास येते, त्यातलं सहा म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त नुसत्या गॅसचं. ही बेरीज रायफल हलकी असो नाहीतर जड, बदलत नाही. बदलतं ते एवढंच की ती कुणाच्या वजनात वाटली जाते. ३.३ किलोची रायफल सेकंदाला पाच मीटरनं मागं येते आणि धक्क्याची ऊर्जा होते ४२ ज्यूल. तीच रायफल साडेचार किलोची केली तर वेग ३.७ मीटरवर येतो आणि ऊर्जा ३० ज्यूलवर.

ज्यूल म्हणजे काय ते माझ्यासारख्याला पटकन कळत नाही म्हणून मी आमच्या पद्धतीनं काढलं. पाच किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घ्या. तो खांद्याच्या वर ८५ सेंटिमीटरवरून सोडला की ४२ ज्यूल. ६२ सेंटिमीटरवरून सोडला की ३०. आता शाहूपुरीच्या गूळमार्केटात कुणी हमाल मनानं असले वीस रवे खांद्यावर झेलंल का सांगा, आणि आमचं पोरगं पैसे मोजून झेलत होतं. माझी बारा बोअर पण नेहमीच्या काडतुसाला ३० ज्यूलच्या आसपासच मारते, म्हणजे मॅग्नम साडेचार किलोवर नेली की तिची लाथ घरातल्या ओळखीच्या बंदुकीइतकी होते, वर वेग कमी असल्यामुळं चापट बसल्यासारखं न वाटता ढकलल्यासारखं वाटतं. हा फरक आकड्यात छोटा दिसतो, खांद्याला विचारा.

आणि रबरी पॅडचं. पॅड चांगलाच आहे, मी नको म्हणत नाही, पण तो ऊर्जा खाऊन टाकत नाही, तो धक्का जरा जास्त वेळात आणि जास्त जागेत पसरवतो. तालमीत तांबड्या मातीवर आपटलं आणि फरशीवर आपटलं यात पैलवानाचं वजन तेच असतं की, माती जरा दबते म्हणून हाड वाचतं एवढंच. लेखकानं मातीला म्हटलंय की तिनं पैलवानच हलका केला.

खरं दुखणं खांद्याचं नाही साहेब, ते डोक्यात जाऊन बसतं. शरीर एकदा शिकलं की घोडा दाबला की लाथ बसते, की पुढच्या वेळी घोडा दाबायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा पुढं येतो, हात आवळतो, आणि गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधी नेम हललेला असतो. इंग्रजीत याला फ्लिंच म्हणतात, आमच्या गावाकडं म्हणायचे बाराला दचकतोय. आमच्या गल्लीतला एक पैलवान, नाव कशाला घेऊ, खासबागेत कुस्त्या केलेला गडी, शंभर किलोच्या वर वजन, वडलांची बारा बोअर त्याच्या हातात दिली तर पहिला बार नारळाच्या करवंटीवर बरोबर आणि तिसऱ्या बाराला दोन्ही डोळे गच्च मिटून करवंटीच्या हातभर शेजारी. तेव्हा ताकदीचा आणि याचा काही संबंध नाही, जो म्हणतो मला रिकॉइल, म्हणजे लाथ, लागत नाही त्यानं कागदावरची भोकं दाखवावीत.

पुतण्याला मी रेंजवर एक गोष्ट करायला सांगितली, जी आम्हाला जुन्या कोचनी शिकवलेली. बायकोला काडतूस भरायला लाव, कधी जिवंत भरू दे कधी डमी म्हणजे नकली, तुला कळू द्यायचं नाही, आणि फोन बाजूला लावून व्हिडिओ कर. डमीला नुसतं खट् वाजतं आणि रायफल हलायला नको असते. याच्या व्हिडिओत खट् वाजलं आणि नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलं. काही उडालेलंच नाही तरी गडी लाथ झेलायला तयार. मी त्याला म्हटलं, ५०० यार्डांवरच्या जनावराच्या गोष्टी सोड, हे दोन बोटं खाली म्हणजे जनावर सोडून डोंगर पण चुकंल. तो पहिल्यांदाच गप्प झाला.

इथं लांब पल्ल्याचं पण सांगतो कारण लेखात ५०० यार्ड असं लिहिलंय जसं काही रंकाळ्याच्या कठड्यावरून समोर खडा टाकायचाय. २०० यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे तिथं नेमावर बरोबर लागंल अशी दुर्बीण लावलेली, .३०० मॅग्नम ५०० यार्डांवर सुमारे मीटरभर खाली लागते आणि तिथं पोचायला तिला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्तच वेळ लागतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं आणि वारा आपलं काम करतो. तेव्हा लांबचा नेम म्हणजे आधी झोपून, काहीतरी टेकू घेऊन, शांतपणे मारायचा नेम. आणि इथंच हलक्या मॅग्नमची दुसरी खोड निघते. उभं राहून मारलं तर अंग मागं जातं, धक्का अंगाबरोबर वाहून जातो. पोटावर झोपलं की अंग जमिनीला टेकलेलं, मागं जायला जागाच नाही, सगळा मार गळ्याच्या हाडाजवळ. म्हणजे ज्या पोझिशनमधे लांबचा नेम लागतो नेमकी त्याच पोझिशनमधे हलकी रायफल सगळ्यात वाईट मारते. लेखकानं कधी झोपून मॅग्नम उडवली नसावी, हा माझा अंदाज, चुकला तर माफी मागीन.

वजनाचं दुसरं काम स्थिरपणाचं, आणि याला कोल्हापुरात तरी पुरावा शोधायला लांब जायला नको. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमधे ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं तेव्हा अख्खा जिल्हा टीव्हीसमोर होता. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमधे ५० मीटर प्रोनला (झोपून मारायच्या प्रकारात) वर्ल्ड चॅम्पियन झाली, ती पण इथलीच. हे लोक जी पॉइंट टूटू वापरतात तिचा धक्का म्हणजे कुणी खांद्यावर बोट टेकवल्यासारखा, एक ज्यूलचा दहावा हिस्सा पण नाही. मग त्यांच्या रायफली एवढ्या जड का? पुरुषांच्या ५० मीटर रायफलला तर आठ किलोपर्यंत मुभा असते. कारण जड वस्तू हातात कमी थरथरते, श्वासाला आणि नाडीच्या ठोक्याला कमी दाद देते. लेथचा बेड बिडाचा आणि जड का ओततात हे उद्यमनगरातल्या कुठल्या पण पोराला विचारा, हलक्या बेडवर टूल लावलं की चॅटर येतो, जॉबवर लाटा उठतात. बारीक बोरिंग बार लांब काढला की तेच. पेन्सिलीसारख्या बारीक नळीच्या रायफलीचं काही वेगळं नाही, दोन-तीन बार झाले की नळी तापते आणि पुढचं भोक कागदावर दुसरीकडंच फिरायला लागतं. शिकारीत गार नळीतली पहिलीच गोळी महत्त्वाची हे मान्य, पण प्रॅक्टिस तर सगळी तापलेल्या नळीनंच होते ना, मग माणसाला कळतच नाही की रायफल चुकली का आपण चुकलो.

आणखी एक बारीक गोष्ट जी मला स्वतःला आकडेमोड करताना गंमतशीर वाटली. लोक म्हणतात धक्का तर गोळी गेल्यावर बसतो, त्याचा नेमाशी काय संबंध. गोळी ६० सेंटिमीटरच्या नळीतून जाईपर्यंत ती ३.३ किलोची रायफल सुमारे अडीच मिलिमीटर मागं आलेली असते. म्हणजे हालचाल आधीच सुरू झालेली असते आणि रायफल कशी धरली, खांद्यात किती दाबली, टेकू कडक होता का मऊ, यावर ते अडीच मिलिमीटर सरळ येतात का तिरके ते ठरतं. जड रायफलीत हे पण कमी. म्हणून हलकी रायफल चालवायला जास्त चांगला नेमबाज लागतो, आणि दुकानात ती विकली जाते नवशिक्याला. उलटा धंदा.

आता जड म्हणजे किती जड, कारण जडच्या बाजूनं बोललं की लगेच कोण म्हणणार मग तोफच घ्या की. न्यू पॅलेसच्या म्युझियममधे पेंढा भरलेले वाघ, गवे बघताना माझ्या मनात नेहमी येतं की त्या काळातल्या मोठ्या बोअरच्या रायफली उचलायच्या कुणी. .५७७ नायट्रो एक्स्प्रेस सहा किलोची, .६०० नायट्रो एक्स्प्रेस सात किलोच्या घरात आणि तिची एक गोळी ५८ ग्रॅमची. त्यांच्या कारागिरांना धक्क्याचं गणित बरोबर माहीत होतं म्हणून वजन ठेवलं, पण राजेरजवाडे आणि साहेब लोकांच्या मागं बंदूक घेऊन चालायला वेगळा माणूस असायचा, ते वजन त्याच्या खांद्यावर. (याच साहेबांच्या सरकारनं १९०७ ला भारतात .४५० बोअरवर बंदी घातली, बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना गोळ्या मिळू नयेत म्हणून, आणि मग इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी .४७० वगैरे नवीन आकडे काढले. विषयाला सोडून आहे पण मला आवडतं सांगायला.) पुतण्याला काही बंदूकवाहक नाही, त्याला स्वतःच डोंगर चढायचाय. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालताना दुसऱ्या दिवशी पाठीवरची पाण्याची बाटली पण शत्रू वाटते हे मी भोगलंय, तेव्हा साडेपाच किलोची रायफल घेऊन चढ म्हणणं पण खरं नाही. दमलेल्या माणसाचा हात थरथरतो, छाती भात्यासारखी चालते, आणि मग वजनाचा फायदा त्या थरथरीतच बुडतो.

म्हणून माझं मत असं, आणि हे मतच आहे कायदा नाही, की आधी काडतूस ठरवा आणि काडतुसाप्रमाणं वजन, आणि वजन म्हणजे दुकानातल्या पाटीवरचं नाही, दुर्बीण पट्टा काडतुसं सगळं धरून काट्यावर ठेवलेलं. .३०० मॅग्नम पाहिजेच असेल तर सव्वाचार-साडेचार किलोच्या खाली जाऊ नये. .३०-०६ ला पावणेचार-चार किलो पुरे. ६.५ क्रीडमूरसारखं मवाळ काडतूस असेल तर तीन-साडेतीन किलोची हलकी रायफल पण सुखानं चालते, साडेतीन-पावणेचार किलोवर तिचा धक्का सतरा-अठरा ज्यूल, म्हणजे मॅग्नमच्या निम्म्याच्या पण खाली. .३३८ लापुआ या त्याहून दांडग्या काडतुसाच्या रायफलीची गोष्टच वेगळी, तिला पुतण्याच्या हलक्या मॅग्नमएवढाच धक्का ठेवायचा म्हटला तरी साडेसहा किलो लागतात, ती गाडीतून न्यायची रायफल, डोंगरातली नव्हे. नरभक्षक वाघ मारणाऱ्या जिम कॉर्बेटचं उदाहरण यासाठीच द्यावंसं वाटतं. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ ला त्यांना जी .२७५ रिग्बी भेट मिळाली ती हलकी होती, पण काडतूस पण मवाळ होतं, जोडी जमलेली होती. जास्त ताकद लागेल तिथं ते .४५०/४०० ची जड दुनळी घेऊन जायचे. हलक्या बंदुकीत भारी काडतूस कोंबायचा उद्योग त्यांनी केला नाही.

मझल ब्रेकबद्दल लेखात एक ओळ पण नाही, ती असायला पाहिजे होती, कारण काडतूस तेच ठेवून, वजन फारसं न वाढवता धक्का कमी करायचा तो मोठा मार्ग. वर मी सांगितलं की मॅग्नमच्या धक्क्यात एक तृतीयांशाहून जास्त वाटा गॅसचा. ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडाला भोकं पाडलेला एक तुकडा, तो या गॅसला पुढं जाऊ न देता बाजूला आणि थोडा मागं वळवतो. त्यामुळं दारू जास्त तेवढा ब्रेकचा फायदा जास्त, आपल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या .३१५ रायफलीला लावला तर त्यामानानं कमीच, मॅग्नमला तीस-चाळीस टक्के पण धक्का कमी होतो. भारी वाटतं ना? पण तो गॅस जातो कुठं, शेजारच्याच्या कानात. रायफलचा बार तसाच १६० डेसिबलच्या घरात असतो, १४० च्या वर कानाला इजा होते असं मानतात, आणि ब्रेक लावला की बाजूला उभा असलेल्याला दिवाळीत बोळात सुतळी बॉम्ब डबल लावल्यासारखं. झोपून मारलं तर खालची धूळ उडून तोंडात. पुतण्यानं ब्रेक बसवून घेतला तर त्याच्या गाईडनं सांगितलं, हे असलं घेऊन माझ्या बाजूला बसायचं नाही. त्याचं पण बरोबर आहे, त्याला त्या कानांनी अजून वीस सीझन काढायचेत. आणि कान झाकायचं म्हणाल तर आतले प्लग न् वरून मफ दोन्ही घाला, कारण निम्मं दचकणं लाथेमुळं नसतंच, आवाजामुळं असतं.

दस्त्याबद्दल लिहायला गेलो तर अजून एक पत्र होईल. थोडक्यात एवढंच, दस्ता सरळ असेल तर धक्का सरळ मागं येतो, खाली वाकलेला असेल तर नळी वर उसळते आणि दस्ता गालफडात बसतो. लांबी आपल्या हाताला बरोबर पाहिजे, आखूड असला की डोळा दुर्बिणीच्या जवळ जातो आणि मग चंद्रकोर. दुर्बिणीची काच आणि डोळा यांत नऊ सेंटिमीटर तरी मोकळे पाहिजेत, आणि वर चढावर नेम धरताना डोकं आपोआप पुढं सरकतं हे डोंगरातल्या लोकांनी खास लक्षात ठेवावं, पुतण्याला तिथंच बसला होता. वजन वाढवायचं असेल तर सगळं एकाच टोकाला नको, दस्त्यात शिसं भरलं की नळी आपोआप वर बघायला लागते, थोडं मागं थोडं पुढं असं वाटून टाकावं. मर्दानी खेळातला पट्टा हातात धरलेल्याला तोल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि नळी कापून वजन वाचवू नये, इंचाला सेकंदाला सहा ते नऊ मीटर वेग जातो, भडका आणि आवाज वाढतो, मग मॅग्नमची दारू विकत कशाला घेतली.

शेवटी पुतण्यानं ती रायफल विकली, घाट्यात. दुकानदार म्हणाला म्हणे, असल्या हलक्या मॅग्नम वीस काडतुसांसह परत येतात नेहमी, म्हणजे त्याला आधीच माहीत होतं! त्याऐवजी .३०-०६ घेतली, सगळं धरून चार किलो, धक्का सव्वीस ज्यूलच्या आसपास. उन्हाळाभर आधी पॉइंट टूटूनं प्रॅक्टिस केली, रोज काडतूस न भरता कोरडा घोडा दाबला, मग दर आठवड्याला दहा-बाराच मोठे बार, खांदा दुखायच्या आत बंद. डमीच्या टेस्टला नळी हलायची थांबली तेव्हा व्हिडिओ पाठवला, खाली नुसतं एक वाक्य, "आण्णा, खट् वाजलं आन् काय झालं न्हाई." मी तो व्हिडिओ हिला दाखवला तर ती म्हणाली, काय झालं नाही तर दाखवताय कशाला.

सीझनला तीन दिवस डोंगरात फिरला. एक नर दिसला तो ४५० यार्डांवर, वारा आडवा. यानं ठरवलं होतं ३०० च्या पलीकडं मारायचं नाही, मारलं नाही. रिकाम्या हातानं घरी आला, यंदा परत जाणार आहे, रायफल तीच.

तर साहेब, माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा, की रायफलचं वजन कमी केलं तर धक्का वाढतो, आणि पॅड त्याला उत्तर नाही. आकडे तपासायला आमच्याकडं कुणाला पाठवायचं असेल तर पाठवा, काटा आणि गुळाचा रवा दोन्ही घरात आहेत.

आपला नियमित वाचक,
उद्यमनगरातला एक रिटायर टर्नर,
कोल्हापूर

ता. क. लेखासोबतच्या फोटोत त्या माणसानं दुर्बिणीला डोळा अगदी चिकटवलाय. तो फोटो वेबसाइटवर पण आहे, तेवढा आधी बदला.